तलवार ही ठेव आहे

माझ्याकडच्या सर्वांत जुन्या धोपेच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, गंजाचे पाच ठिपके आहेत. हाताची पाच बोटे टेकवली की जशी उमटतील तसेच ते आहेत. ही माझ्या आजीची बोटे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका खंडेनवमीला तिने ओल्या कुंकवात बोटे बुडवून पात्यावर टेकवली. त्या वर्षी आमच्याकडे नवरात्रातही पाऊस हटला नव्हता. धोप देव्हाऱ्यासमोर पाटावर कोजागिरीपर्यंत तशीच राहिली. पुसायला घेतली तेव्हा कुंकू निघाले, खालचा डाग निघाला नाही. पुढे एका शिकलगाराने ते ठिपके घासून काढून देतो म्हटले. मी नको म्हटले. त्या पात्याच्या धारेला लढाईच्या खाचा दोन आहेत आणि पूजेचे डाग पाच. हा हिशेब मला पुसायचा नाही.

मी मळवलीला राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३५ वर्षे शिकवले. गळ्यात तुळशीची माळ आहे, वडिलांपासून देहूच्या पालखीबरोबर वारी आहे, आणि घरात नऊ तलवारी आहेत. दोन सरळ पात्याच्या धोपा, एक पट्टा, बाकीच्या वाकड्या पात्याच्या. बहुतेक अठराव्या शतकातल्या. एक वडिलोपार्जित, बाकीच्या गेल्या ४० वर्षांत जमवलेल्या. पोलीस ठाण्यात त्यांची यादी लेखी दिलेली आहे.

काही वर्षांपूर्वी रोटी घाट चढताना दिंडीतल्या एका सोबत्याने मला विचारले, “माऊली, गळ्यात माळ आणि घरात तलवारी, हे जुळतं कसं?” त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. घाट संपेपर्यंत मी काही बोललो नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर चालतो आहे.

प्रश्न माझा एकट्याचा नाही, तो आमच्या मावळाचाच आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते. तिथून ती कार्ल्याकडे उतरते. वर एकवीरा आई बसलेली, आणि खाली तो मुलूख, जिथे ४ जानेवारी १७७९ रोजी कंपनीचा कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. कामशेत ओलांडून ती इंदोरीला येते, तिथे काठावर सेनापती दाभाड्यांची गढी उभी आहे. आणि तेच पाणी पुढे देहूला तुकोबांचे होते, आळंदीला ज्ञानोबांचे होते. देवीच्या हातात शस्त्रे आहेत, पंढरीच्या विठ्ठलाने मात्र हात कमरेवर ठेवले आहेत. आम्ही मावळातली माणसे दोघांनाही नमस्कार करतो. कोणता नमस्कार खरा, असे आम्हाला कुणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केले. निवृत्तीनंतर मी तिथे एका शिबिराला गेलो होतो. पाठ सरळ करावी एवढ्याच हेतूने गेलो होतो. पण आसनांच्या आधी यम येतात, आणि पतंजलींचे पाच यम ऐकताना मी आतून हललो. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. यातले तीन थेट तलवारींच्या माझ्या लाकडी पेटीवर बोट ठेवत होते. या तलवारींनी काय केले, हा अहिंसेचा प्रश्न. त्या माझ्यापर्यंत कशा आल्या, हा अस्तेयाचा. आणि मी त्या साठवून का बसलो आहे, हा अपरिग्रहाचा. एकेक करून मी या तिघांना सामोरा गेलो.

आधी अहिंसा. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची फिरंग निघाली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली, ४७ लाख १५ हजार रुपये मोजले, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. पाते युरोपात घडलेले, मूठ इथली, पात्याच्या पाठीवर सोन्याच्या कामात देवनागरी अक्षरे, त्यात त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब. दूरदर्शनवर ती पाहताना माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. आपली वस्तू घरी आली होती.

पण त्याच रात्री मला बंगाल आठवला. १७४२ पासून दहा वर्षे रघुजींच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. सरकारी घोड्यावरच्या स्वाराला आपण बारगीर म्हणतो. त्याचे तिकडे ‘बर्गी’ झाले, आणि मूल झोपावे म्हणून बंगाली आया आजही ज्या अंगाईत भीती घालतात त्यात हा बर्गी आहे. आपल्याकडे पोवाड्यात येणारा स्वार तिकडे अंगाईतला बागुलबुवा झाला. तो स्वार एकच आणि त्याच्या हातातले लोखंडही एकच. जो माझ्यासारखा अठराव्या शतकातल्या तलवारी जमवतो, त्याने पोवाडा ऐकावा आणि अंगाईही ऐकावी. एकच ऐकणारा तलवारीला अर्धीच ओळखतो, आणि अर्धवट ओळखीच्या वस्तूची पूजा करणे मला धर्माला धरून वाटत नाही.

आमच्या वडगावची लढाईही मी अशीच पुन्हा पाहिली. शाळेत मी ती दरवर्षी शिकवली: महादजी शिंद्यांनी कंपनीच्या फौजेला कोंडले, ११ जानेवारी १७७९ च्या रात्री तळेगावाहून मागे फिरताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, वडगावला ते अडकले आणि १६ जानेवारीला त्यांना तह करावा लागला. हे सगळे खरे आणि अभिमानाचे. पण फौज अडकली ती काही केवळ तलवारीने नाही. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून वाटेवरची गावे मोकळी केली, वैरण जाळली, तळेगाव पेटवले. ती गंजी कुणाची होती? इथल्याच कुणब्याची. त्या विजयाची किंमत ज्याने गवताच्या पेंढ्यांत मोजली, त्याची तलवार कुठल्याच संग्रहात नाही, कारण त्याच्याकडे बहुधा विळाच होता. आणि समोरच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा देशी शिपाई कितीतरी जास्त होते. शिवाय ती फौज आली होती आपल्याच रघुनाथरावांना गादीवर बसवायला.

याच वडगावात स्टुअर्टचे थडगे आहे. मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले. मानाजी शिंद्यांसारख्या आपल्या मर्दाला जी पदवी दिली, तीच चालून आलेल्या परक्याला दिली. हे नाव इतके रुळले की आज त्याचे मूळ नाव सांगितले तर गावात कुणाला कळणार नाही, आणि इष्टूर म्हटले की वाट दाखवतील. मी त्या थडग्यावर फूल ठेवतो. त्याने काय करायचे ठरवले होते ते विसरून नव्हे, तर ते लक्षात ठेवूनच. अहिंसा म्हणजे लढाई झालीच नाही असे मानणे नव्हे. लढाई संपली की समोरचाही माणूस होता हे मान्य करणे, एवढी अहिंसा आमच्या पूर्वजांना तलवार हातात असतानाही जमली होती. मला ती तलवार पेटीत असताना तरी जमली पाहिजे.

मग अस्तेय. तलवारी कुठून येतात ते सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोरबाजारातून, आणि सर्वांत जास्त भंगारवाल्यांच्या गाडीवरून. वाडा पडतो, वासे विकले जातात, पितळी भांडी वजनावर जातात, आणि माळ्यावरची तलवार लोखंडाच्या भावाने. नवी तलवार आम्लात बुडवून, वर मोडी अक्षरे कोरून, जुनी म्हणून गळ्यात मारणारेही पुष्कळ. त्यामुळे खरी वस्तू हाताला लागली की संग्राहकाला एवढा आनंद होतो की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही विचारत नव्हतो.

एकदा एका फेरीवाल्याकडून मी एक तलवार घेतली. मूठ अस्सल मराठा घाटाची, बोटांवरून वळलेली परज शाबूत, वर कटोरी आणि तिच्या टोकाला मोगरा. आत गादीचे जुने कापड अजून चिकटलेले. पाते मुठीत लाखेने बसवलेले असते. ही लाख सुकून भुगा झाली होती, त्यामुळे पाते हलत होते. परजेला लाल दोऱ्याचे कित्येक वेढे होते, एकावर एक, दरवर्षी एक बांधल्यासारखे. मी ते मोजले. ३१ भरले. म्हणजे ३१ दसरे ही तलवार कुणाच्या तरी देव्हाऱ्यासमोर आली होती. असली तलवार कुणी टाकून देत नाही. मी फेरीवाल्याला गाठून गाव विचारले. नाणे मावळातले एक घर निघाले. मुलाने आईला न सांगता विकली होती.

तलवार घेऊन मी त्या घरी गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्यांनी ती मांडीवर घेतली, परजेवरचे दोरे चाचपले आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गुरुजी, र्‍हाऊ द्या तुमच्याकडंच. हितं आता कोण बघतंय तिच्याकडं? गंजून जाईल. पण दसऱ्याला आणत जा. मला दोरा बांधायचाय.”

मी दरवर्षी ती तलवार त्यांच्या घरी नेऊ लागलो. कापडात गुंडाळून, कामशेतहून आत, सकाळी लवकर. आजी गेल्या, तरी नेतो. आता त्यांची नात दोरा बांधते. ती तलवार माझ्या पेटीत असते, पण ती माझी नाही हे मला आणि त्या घराला दोघांनाही ठाऊक आहे. आणि गंमत म्हणजे नऊतल्या ज्या एका तलवारीवर माझी मालकी नाही, तिच्याबद्दलच माझे मन सर्वांत स्वच्छ आहे.

इथे मला शब्द सापडला: ठेव. आणि तो शब्द मला अपरिग्रहाकडे घेऊन गेला.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात नवव्या सर्गात सीता रामाला एक गोष्ट सांगते. दंडकारण्यात शिरताना राम धनुष्य सज्ज करून निघाला आहे, आणि तिला ते बरे वाटत नाही. ती म्हणते, एक सत्यवचनी तपस्वी होता. त्याच्या तपात विघ्न आणायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि हातातली तलवार त्याच्यापाशी ठेव म्हणून देऊन गेला. तपस्वी प्रामाणिक. ठेव हरवू नये म्हणून तो कंदमुळे आणायला जातानाही तलवार बरोबर नेऊ लागला. रोज हातात तलवार. हळूहळू त्याचे मन क्रूर झाले, तप सुटले, आणि शेवटी तो नरकात गेला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कारण हा माणूस लबाड नव्हता. विश्वासाला जागण्याच्या धडपडीतच तो बुडाला. आणि मला माझी एक रात्र आठवली. बांधावरून एका भाऊबंदाशी माझे कडाक्याचे भांडण झाले होते. त्या रात्री झोप येईना म्हणून मी धोप पुसायला घेतली. तेल लावता लावता, मुठीवर बोटे आवळली गेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याची मान आली. क्षणभरच. मी तलवार खाली ठेवली, अंगणात जाऊन तोंड धुतले. कुणालाही हे आजवर सांगितले नव्हते. सीता म्हणते ते मी अनुभवले आहे: शस्त्राचा सहवास मनाला पेटवतो. लोखंड निर्जीव असते, तलवार नुसती वस्तू असते, असे जे म्हणतात त्यांनी ती रागाच्या रात्री हातात घेतलेली नाही.

पण त्याच रामायणात दुसरी एक ठेव आहे. भरताने रामाच्या पादुका मस्तकावर घेतल्या, नंदिग्रामला नेल्या, आणि राज्य ही रामाची ठेव आहे असे सांगून चौदा वर्षे त्या पादुकांच्या नावाने कारभार केला. त्याच्या हातीही मोह होताच, अख्खी अयोध्या होती. तो बिघडला नाही. का? तपस्व्याने ठेव हातात धरली, भरताने ती आपल्यापेक्षा वर ठेवली. एवढाच फरक मला दिसतो. ठेव हातात राहिली की ती आपले बळ वाटू लागते. डोक्यावर घेतली की ती आपले देणे होते.

शमीच्या झाडाची कथा आपण दरवर्षी ऐकतो, ती मला आता वेगळी ऐकू येते. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे शमीवर ठेवली. आपण दसऱ्याला ती खाली काढल्याचा दिवस साजरा करतो. पण खाली काढण्याआधी ती वर्षभर वर होती, अर्जुनाचे गांडीवसुद्धा, आणि अर्जुन विराटाच्या घरी मुलींना नाच शिकवत होता. ते वर्षही धर्माचेच होते. जेजुरीला पानसे सरदारांनी खंडोबाला वाहिलेला खंडा आहे, सुमारे ४२ किलोचा. दसऱ्याला तो उचलण्याची चढाओढ लागते. ज्यांनी आयुष्यभर तोफखाना चालवला त्यांनी देवाला दिली ती कुणाला मारता येणार नाही एवढी जड तलवार. उचलता येते, चालवता येत नाही. देवापुढे शस्त्राने कसे असावे, हे त्या खंड्यावरून मी शिकलो.

अपरिग्रहाचे उत्तर मला पुण्यात मिळाले. दिनकर केळकरांनी घरोघर फिरून वस्तू गोळा केल्या, लहान वयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयाला दिले, आणि १९७५ साली सगळे शासनाच्या स्वाधीन केले. तिथे शस्त्रांच्या कपाटासमोर उभे राहिले की कळते, जमवणे हे पाप नाही. सोडायची तयारी नसणे, हा परिग्रह. मी एक वही केली आहे. प्रत्येक तलवारीचे एक पान: कुठून आली, कुणी दिली, किती मोजले, त्या घरात काय सांगतात. जिचे मूळ कळले नाही तिथे तसे लिहिले. शेवटच्या पानावर लिहिले आहे की माझ्यामागे या वाटून घ्यायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. नाणे मावळातली त्या घरी परत द्यायची, बाकीच्या संग्रहालयाला. मुलाने त्याखाली सही केली आहे.

आणि काही नियम. भिंतीवर एकही तलवार टांगायची नाही. पाहुण्यांसमोर उपसून फिरवायची नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. मिरवणुकीला मागायला पोरे येतात, त्यांना चहा पाजतो आणि वही दाखवतो. मन अस्वस्थ असेल त्या दिवशी पेटी उघडायची नाही. पुसताना मूठ धरायची नाही, पाते कापडात धरून पुसायचे. हा शेवटचा नियम त्या रात्रीनंतरचा.

नंतरच्या एका वारीत रोटी घाटातला तो सोबती पुन्हा भेटला. मी त्याला म्हटले, माळ माझी आहे, तलवारी माझ्या नाहीत. माळ मी रोज गळ्यात घालतो, तलवारी वर्षातून एकदा देवापुढे ठेवतो आणि झाकून टाकतो. लढलेल्यांचे, मेलेल्यांचे, आणि ज्यांच्या गंज्या जळाल्या त्यांचेही देणे त्यात आहे. ते फिटेपर्यंत कुणीतरी सांभाळायला हवे. तो थोडा वेळ चालत राहिला आणि म्हणाला, “मग माळकऱ्यानंच सांभाळावं, ते बरं.”

मावळात अजून कित्येक घरांत, माळ्यावर, कणगीमागे, अशी एखादी तलवार असेल. त्या घरच्यांना एवढेच सांगणे आहे. भंगारात देऊ नका. चिंचेने, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नका. दोनशे वर्षांची खूण तासाभरात जाते. लोणावळ्याकडे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा चामड्याच्या म्यानात पाते ठेवू नका, कोरड्या सुती कापडात ठेवा. खोबरेल चिकट होते, शिवणयंत्राचे तेल लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तिच्याबद्दल जे ठाऊक असेल ते आजच लिहून ठेवा, अभिमानाचेही आणि दुःखाचेही. खंडेनवमीला तिला कुंकू जरूर लावा. पण दिवेलागणीच्या आधी ते पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि तिला झाकून ठेवा.